जेवणाआधी दोन चमचे

“पुन्हा म्हणा,” जयवंत म्हणाला. “बीटा. सिटो. स्टेरॉल.”

“बिटाशी… तोरल,” बकुळामामी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

जयवंत हसला नाही. तो रसायनशास्त्राचा एम.एस्सी. होता, परळला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता आणि लालबागच्या ज्या खोलीत लहानाचा मोठा झाला, त्या खोलीत आता खुर्ची रुमालाने पुसून बसत होता. मालवणी त्याने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी सोडली होती.

“सोडा. वनस्पती आहे, एवढं समजा. एवढं तरी म्हणता येईल?”

“तां येतलां,” मामी म्हणाली.

खाटेवर सीताराममामा उशीला टेकून बसले होते. जन्मभर त्यांनी गिरणीत सुताला खळ लावली होती. गेल्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा देता देता ते छाती धरून रस्त्यातच खाली बसले. डॉक्टर हृदयाचा झटका म्हणाले. जयवंतने रक्त तपासून घेतलं, तर कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर.

“दुसरा झटका आला तर उठणार नाही तुम्ही,” त्याने सांगितलं.

“माका फकत मुंबय आपली झालेली बघूची आसा रे. तवसर जगव. मगे मेलंय तरी चलात.”

“चरबीला राजकारण कळत नाही, मामा. मासळी बंद. नारळ बंद. तळण बंद.”

मामीचा चेहरा उतरला. नारळ नाही तर आमटीत घालायचं काय, असं ती विचारणार होती. जयवंतच्या कपाळावरची आठी पाहून तिने विचारलं नाही.

त्याने बाटली पुढे केली. आत दाट, पांढरं औषध होतं. बियांमधून, तेलांमधून काढलेलं हे द्रव्य आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतं आणि ते रक्तात शिरू देत नाही, असं तो समजावू लागला. मग समोरच्या दोन चेहऱ्यांकडे पाहून त्याने समजावणं सोडून दिलं.

“हेनं ताकद येता? सर्दी-खोकल्याक पण बरां?” मामीने विचारलं.

“प्रतिकारशक्ती वाढते, असं आमचे विक्रेते सांगत फिरतात. ते काहीही सांगतात आणि लोकांना खरं वाटतं. तुम्ही डोकं चालवू नका. रोज जेवणाआधी दोन चमचे. संपलं की दुकानातून आणायचं. खंड पडता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या कामाला बडोद्याला गेला. परतला तेव्हा मुंबईत थंडी पडली होती. आल्या आल्या त्याने मामांचं रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल हातात पडला त्या रविवारी लालबागला आला. मामा एकेका वाक्यानंतर थांबून श्वास घेत होते.

“काय काय खाल्लंत?” त्याने बसायच्या आधीच विचारलं.

“मी?”

“नाही, शेजाऱ्यांनी! कोलेस्टेरॉल खाली यायचं सोडून वर चढलंय.”

“देवाशप्पथ, एक बांगडो खाल्लंय नाय रे!”

“गणपतीत नारळाची नेवरी पण तोंडाक लावली नाय हेनी,” मामी म्हणाली. “जाईबाय कोळीण दारातसून आरडान जाता, सीताराम संन्यासी झालो म्हणान.”

“संन्यासी!” जयवंत म्हणाला. “असे संन्यासी मी पुष्कळ पाहिलेत. दिवसा भस्म आणि पाठ वळली की कोळंबी. मामी, तुम्हीच चोरून करून घालत असणार. मामा दोन अश्रू काढतात आणि तुम्ही विरघळता. अडाणी माणसाचं प्रेम हे असंच. जीव घेऊन थांबतं.”

मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी भिंतीकडे तोंड केलं.

“औषध तरी घेतलं का?”

“एक फावट पण चुकाक नाय,” मामी म्हणाली. “औषद संपाच्या आदी दुसरां आणून ठेवतंय.”

“दुकानदार तेच देतो ना?”

“नाव सांगलां की काडून देता.”

“पाहिलंत? सोपं करून सांगितलं म्हणून जमलं.” त्या एका गोष्टीवर तो जरा खूश झाला. “आता ऐका. जिभेवर ताबा नसेल तर औषध वाढवावंच लागेल. दोनाचे चार चमचे.”

मोर्च्यांत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या मामांचा चेहरा पडला. “चार? दोनच घशाखाली जायनत नाय रे. मळमळता.”

“औषध आहे ते, श्रीखंड नव्हे.”

“मगे मुंबय मिळासर जगान मां मी?”

“सांगतो तसं वागलात तर जगाल. घ्या, आत्ता. माझ्यासमोर. तुम्हां दोघांवरही माझा विश्वास राहिलेला नाही.”

मामांनी निमूटपणे आ केला. मामी डोळे पुसत उठली. देवाच्या फळीवरून तिने वाण्याकडचा वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा उतरवला, कपाळाला लावला आणि आत चमचा खुपसला. चमचा उभाच राहिला.

“वायच पातळ करून दिवू काय रे?” तिने जयवंतला विचारलं. “थंडीत गोठतां मेलां.”