कंपनीचं उत्तर

“तुमची गाडी रिकॉलमध्ये येते, साहेब. अपघात रिकॉलमध्ये येत नाही,” फोनवरची बाई म्हणाली.

“मग माझी बायको कशात येते?” प्लंबरने विचारलं.

वरिष्ठांना विचारते म्हणून बाईने गाणं लावून दिलं. प्लंबर फोन कानाला धरून ओट्यापाशी उभा राहिला. टेबलाशी त्याची लेक ताटातलं अन्न चिवडत बसली होती.

“स्पीकरवर टाका ना, बाबा. मलाही ऐकू दे.”

“गाणंच चाललंय. जेव तू.”

बायकोला जाऊन दोन महिने होत आले होते. भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, तिची गाडी कालव्यात गेली होती. पुलाच्या अलीकडे रस्ता जरासा वळतो. गाडी वळलीच नव्हती. ब्रेक मारल्याची खूणही कुठे नव्हती.

“ताई तर माझ्यापेक्षा चांगली चालवायची,” मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला होता. “मग झालं काय?”

तेव्हा घरातले सगळे खाली बघायला लागले. वर्षभर ती आतल्या आत मिटत चालली होती, हे कोणापासून लपलं नव्हतं. आदल्याच संध्याकाळी लेक तिला फोनवर तोडून बोलली होती, “तुझं रोजचंच आहे, आई. मला कामं आहेत.” आणि त्या दुपारी, “घरात बसून कुढू नकोस, जरा फिरून ये,” म्हणत गाडीची किल्ली तिच्या हातात दिली होती ती प्लंबरने. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं. बोलत कोणीच नव्हतं.

मग गाडीच्या कंपनीने त्या वर्षीच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्याची, म्हणजे रिकॉलची, बातमी आली. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत वीज तयार करणारा पार्ट, सदोष निघाला होता. तो जळाला की गाडी धावता धावता बंद पडते, स्टीअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकही नीट लागत नाही.

“बघा बाबा!” लेक म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

त्या दिवसापासून प्लंबर कंपनीच्या मागे हात धुऊन लागला. कंपनीने आधी गाडीचा नंबर मागितला, मग तोच नंबर पुन्हा मागितला. मग दिलगिरी कळवली, पण कशाबद्दल ते कळवलं नाही. शेवटी म्हणाली, पाण्यात बुडालेला पार्ट तपासता येत नाही.

“अहो, मी आयुष्यभर पाण्यातलंच तपासत आलोय,” प्लंबर फोनवर ओरडला. “तुमचा इंजिनिअर पाठवा, नाहीतर तो पार्ट घेऊन मी येतो आणि तुमच्या दारात बसतो.”

इंजिनिअर आला. चेपलेल्या गाडीतून त्याने अल्टरनेटर काढून नेला.

मग वाट बघणं सुरू झालं. बाप कामावरून येई, लेक जेवण वाढी, दोघं दोन घास खाऊन आपापल्या खोलीत जात. कधी या दाराआडून फोनवरचं हळू बोलणं ऐकू येई, कधी त्या दाराआडून. कोणी कोणाला काही विचारत नसे.

आठवड्याभराने संध्याकाळी इंजिनिअर घरी आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. चहाला त्याने हात लावला नाही.

“आतली वायर जळाली होती,” तो म्हणाला. “पाण्यात पडायच्या आधीच. गाडी वळणार कशी? बाईंच्या हातात काही राहिलं नव्हतं.”

“नक्की ना?” लेकीने विचारलं.

“नक्की. फक्त... लेखी मिळणार नाही. कंपनी असं लेखी देत नाही.”

“लेखी कशाला हवंय?” बाप आणि लेक एकदमच म्हणाले.

लेकीने बापाचा हात घट्ट धरला. “ऐकलंत ना, बाबा? आईने काही केलं नाही. तुम्हीही काही केलं नाहीत.”

“ऐकलं गं बाळा. तूही ऐकलंस ना?”

ती डोळे पुसत हसली आणि स्वयंपाक गरम करायला आत गेली. प्लंबर इंजिनिअरला सोडायला फाटकापर्यंत आला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मागे वळून त्याने तो जरा वेळ ऐकला.

“साहेब, उपकार झाले,” तो हळूच म्हणाला. “पार्ट कसाही निघो, लेकीला खराबच होता म्हणून सांगा, असं तुम्हाला विनवलं तेव्हा वाटलं नव्हतं तुम्ही ऐकाल. कोण कशाला आपल्याच कंपनीवर खोटा आळ घेईल? मीही शब्द पाळलाय. आज सकाळीच तक्रार मागे घेतली.”

इंजिनिअरने गाडीचं दार उघडलं, पण आत बसला नाही.

“तुमचा फोन आला, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या मुलीचाही आला होता,” तो म्हणाला. “पार्ट कसाही निघो, बाबांना खराबच होता म्हणून सांगा, असं ती म्हणाली. तीही रडत होती.”

प्लंबरने फाटकाला हात टेकला.

“पार्ट कसा निघाला, हे तुम्हा दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही,” इंजिनिअर म्हणाला. “तो खरंच जळालेला होता हो.”