दम लागतोय

वरंधा घाटाच्या तिसऱ्या वळणावर बिजली पुन्हा म्हणाली, "मालक, चढाला दम लागतोय."

हिरामण ढमाल्यानं आपली ही बोलकी पिकअप कडेला घेतली आणि उतरून बॉनेट उघडलं. नवी होती तेव्हा बिजली बिघाडाचे नुसते आकडे सांगायची. ते काय ह्याच्या डोक्यात शिरेनात, म्हणून ह्यानंच तिला आपली बोली शिकवली. पाणी आटलं की तहान लागली म्हणायचं, एअर फिल्टर चोंदला की दम लागतोय म्हणायचं.

पण फिल्टर तर सोमवारीच नवाकोरा टाकलेला.

"लई नाटकी झालीस तू," तो धापा टाकत बोलला.

त्याची बायको शेवंता आत बसून बघत होती. वारा गार सुटलेला आणि हा घामानं निथळत होता. तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला. "बिजले, दम कुणाला लागतोय गं?"

"मालकांना. स्टेअरिंगवर हात असला की त्यांचे ठोके चुकलेले कळतात. पाच दिवस झाले सांगतेय."

शेवंतानं नवऱ्याला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी हाणत महाडचा दवाखाना गाठला. काळजाची नळी चोंदली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

पंधरा दिवसांनी हिरामण बिजलीची काच पुसायला आला. एकच काच पुसत राहिला बराच वेळ.

"उपकार झाले गं बाई तुझे," तो शेवटी म्हणाला. "आता दम लागत नाही."

"कुणाला?" बिजलीनं विचारलं.

हिरामण पोटभर हसला, आणि त्याला धाप लागली नाही.