ऐसपैस बोट

"पाण्यावर फळीवर उभं राहून घसरणाऱ्या माणसाला दोरीने ओढायची बोट आहे, साहेब. लहानच घ्या," असं विक्रेता परोपरीने सांगत होता. पण मला आमच्या गोतावळ्याची काळजी. सासुरवाडी, मित्र, पोरंटोरं, सगळ्यांना समोरासमोर बसून गप्पा मारता याव्यात म्हणून मी हट्टाने गोल सोफ्याची भलीमोठी बोट घेतली.

पहिल्या दिवशी मेव्हणा बोट चालवायला, बाकीचे सोफ्यावर आणि मी मागे दोरी धरून फळीवर. पहिल्याच वळणावर मी पाण्यात आपटलो. बोट हसतखिदळत पुढे निघून गेली. लाइफ जॅकेटच्या कृपेने मी कसाबसा धक्क्याला लागलो आणि निथळत बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने बोट परतली.


बायको उतरता उतरता म्हणाली, "अहो, इथे काय बसलात? यायचं ना तुम्हीपण, जागा होती की!"