खिडकीकडे तोंड करून

गावकुसाबाहेरच्या धुळाचा मुलगा गुंडा, गुंडाचा आकाराम आणि आकारामाची लेक अंजना. साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत खुर्चीवर बसून शिकवणारी त्या घरातली ही पहिलीच.

गुंडा याच शाळेत शिकला, पण वर्गात नव्हे. अस्पृश्याचे पोर म्हणून त्याची जागा बाहेर, खिडकीखाली. सोहोनी मास्तरांनी तो नियम मोडला नाही. मात्र शिकवताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहत. उशिरा आलेली मुले दारात थांबून विचारीत, "मे आय कम इन, सर?" गुंडाला आलेले पहिले इंग्रजी वाक्य ते. विचारण्याची वेळ मात्र त्याच्यावर कधीच आली नाही.

आता, चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, नव्वदीला टेकलेले मास्तर रोज काठी टेकत येत आणि त्याच खिडकीखाली बसत. कुठले साल, कुठला वार, सारे त्यांच्या लेखी विरघळले होते. अंजनाबाई खिडकी उघडी ठेवीत आणि तिच्याकडे तोंड करूनच शिकवीत.

आज तपासणी होती. शिपाई हिंदुराव दारात आला.

"बाई, सायेब आल्यात. हेडमास्तर म्हणत्यात, म्हाताऱ्याला हालवा, न्हाईतर खिडकी लावा. आवं, तुमची नोकरी अजून कच्ची हाय."

"हिंदुराव, माझा आजा या खिडकीवर शिकला. ती मी लावू?"

"मी कुठं म्हणतोय? म्हणणारं म्हणत्यात!"

साहेब आणि हेडमास्तर मागच्या बाकावर बसले. धडा नद्यांचा होता. उन्हाच्या तिरपेत खडूची धूळ संथ तरंगत होती. खिडकीबाहेर अजिंक्यतारा किल्ला उन्हाच्या झळांत पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. बाहेरून मास्तरांचे पुटपुटणे आत येऊ लागले. हेडमास्तरांनी डोळ्यांनीच खिडकी दाखवली.

अंजनाबाईंनी खडू खाली ठेवला. त्या बाहेर गेल्या, मास्तरांचा हात धरून त्यांना आत आणले आणि आपल्या खुर्चीवर बसवले. मग पुन्हा बाहेर जाऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"मे आय कम इन, सर?"

मुले खुदकन हसली. साहेबांनी चष्मा काढला. मास्तर दाराकडे पाहत राहिले. फार दुरून कोणी चालत यावे, तशी ओळख त्यांच्या डोळ्यांत हळूहळू आली.

"गुंडा?" ते म्हणाले. "कम इन. कम इन, बाळ. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

अंजनाबाईंनी उजवे पाऊल उंबऱ्याच्या आत ठेवले. वर्गात कोणी हसत नव्हते.

मास्तरांनी काठी उचलून खिडकीकडे दाखवली.

"आता ती लावली तरी चालेल."