गडगडाट

लोणखेड्याच्या दोधूआप्पांनी इटलीची लाल, बिनटपाची गाडी घेतली तेव्हा त्यांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या अंगावरची हळदही उतरली नव्हती. पुढच्या मॉडेलांत तिची गोल शेपटी कापली गेली, रबरी बंपर आले, पण आप्पा जुन्या गाडीचा गडगडाट गावभर फिरवत राहिले. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर घरी येताच त्यांनी किल्ली फिरवली, तर आवाजच नाही. "डॉक्टरनी धूर नको सांगं, म्हनीसन इंजिन काढी टाकं," मुलगा कुंदन म्हणाला. "आते ती बॅटरीवर चालस." आप्पांनी कमलबाईंना शेजारी बसवलं आणि गाडी सारंगखेड्याकडे काढली. तापीच्या पुलावर त्यांना गाणं ऐकू आलं. चमकून पाहिलं, तर कमलबाई गात होत्या. आप्पांनी कचकन ब्रेक दाबला. "तू गास?" "पहिलेपासून गास, ह्याच गाडीमा," त्या म्हणाल्या. "तुमले कधी आयकूच उनं नही."