बाळबोध जपानी

आबांच्या टेबलावर जपानी गोष्टींची अकरा पुस्तकं होती. नऊ कोल्ह्या-अस्वलांची, दोन हट्टी मुलांची. परदेशात वाढणाऱ्या नातीला फक्त जपानी येई. तिच्याशी बोलता यावं, म्हणून लेकीला न सांगता आबा एकेक अक्षर लावत वाचायला शिकत होते.

"अहो, पिकल्या केसांनी बाळबोध गिरवताय!" आजी चिडवायची.

आज व्हिडिओ कॉलवर नात पडद्याला नाक लावून हळूच काहीतरी म्हणाली. लेक घाईघाईने मध्ये आली.

"बाबा, ती म्हणतेय, आजोबा छान दिसतायत."

"हो का? लबाड!" आबा कसेबसे हसले.



नातीच्या वाक्यात तीनच शब्द होते: आई, रोज, रडते. आबांना तिन्ही कळले.