उजेडावरचा कॅल्क्युलेटर

उजेडावर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरवर सावली पडली की आकडे आधी फिके होतात, मग दिसेनासे. शहाऐंशी साली कोल्हापुरात प्रशिक्षणाला गेलेल्या रोशनबी बाईंना शाळेसाठी असा एक मिळाला. 'मुलामुलींना सारखा वापरू द्या,' असं तिथं बजावलं होतं. खिडकीकडच्या मुलांच्या बाकांवर तो छान चालला, भिंतीकडं मुलींच्या हातात मात्र बंद पडला.

त्या बाजूला फळा दिसत नाही, छपरात एक काचेचं कौल बसवा, असं बाई दोन वर्षं सांगत होत्या. "हुतीया सवय पोरींना," म्हणून हेडसर टाळायचे.

आता हेडसर स्वतः मुलींच्या बाकावर बसले आणि बटणं दाबून पाहिली.


"मशीनला अंधार चालत न्हाय, हे आधी सांगायचं की, बाई. उद्याच काचेचं कौल बसवू."